आमच्या फ्रिजमधलं पुरण

धुळ्याला आम्ही ज्या वस्तीत राहायचो तिचं नाव सांगितलं की समोरच्याला पुढचं काही विचारावं लागत नसे. माणूस एकतर एकदम फार गोड बोलायला लागायचा, नाहीतर घड्याळ बघायचा. म्हणून लग्नानंतर जळगावला मेहरूणकडे नव्या कॉलनीत घर बांधायचं ठरलं, तेव्हा मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर तो पत्ता. गट नंबर अमुक, प्लॉट नंबर तमुक. त्यावरून कोणाचं काही कळत नाही. नंबराला जात नसते, असं मी नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते. तो हसला. माझ्या शहाणपणाला हसायची त्याला जुनी सवय आहे.

कॉलनी म्हणजे तेव्हा काय, काळ्या मातीत उभी राहिलेली दहा-बारा घरं. पावसात चप्पल रुतली की हाताने उपसून काढायची. पण सगळेच नवे होते, सगळेच नोकरीवाले, आणि कोणाचाच भाऊबंद शेजारी नव्हता. गावाकडे ज्या बायका चुलीपुढे बसून म्हाताऱ्या झाल्या असत्या, त्या इथे गॅसपुढे उभ्या राहून भाकऱ्या थापायला शिकत होत्या. कोणाकडे मिक्सर आला की सगळ्या बघायला जायच्या. टीव्हीचा अँटेना वाऱ्याने फिरला की शेजारचा पुरुष न सांगता गच्चीवर चढायचा आणि खालून आम्ही ओरडायचो, आलं, आलं, गेलं. हे सगळं मला फार आवडायचं. मी शाळेत शिकवायची, नवरा सरकारी खात्यात होता, दोघांचा पगार घरात येत होता, आणि मला वाटायचं की मागचं सगळं मागे राहिलं.

फ्रिज आमच्या ओळीत सगळ्यात आधी आमच्याकडे आला. तेव्हा फ्रिज स्वयंपाकघरात ठेवायची पद्धत नव्हती. एवढी मोठी वस्तू घ्यायची आणि आत लपवायची काय? तो हॉलमध्ये ठेवला, वर मी विणलेला रुमाल घातला. त्याच्याच वरच्या भिंतीवर आमच्या दोन तसबिरी होत्या. त्या कोणाच्या, ते मराठी माणसाला सांगायला नको. पण कॉलनीतल्या कोणीही त्यांच्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, आणि यालाच मी सुधारणा म्हणत होते.

फ्रिज आला आणि आमच्या घराला नुसती जत्रा लागली. कोणाचं दूध, कोणाचं विरजण, कोणाच्या पाहुण्यांसाठी पाण्याच्या बाटल्या, कोणाचे आंब्याच्या रसाचे डबे. संध्याकाळी शाळेतून यावं तर दारात दोन बायका पातेली घेऊन उभ्याच. नवरा म्हणायचा, फ्रिज आपला की धर्मशाळेचा? आपली भाजी बाहेर सुकते आणि लोकांचं ताक आत गारठतं. मी त्याला गप्प बसवायची. त्याला काय कळणार? माझ्या आईच्या घरात बाहेरच्या बाईने आपणहून पाऊल टाकलेलं मी लहानपणी बघितलंच नव्हतं. इथे बायका कडी न वाजवता आत यायच्या, माझ्या फ्रिजचं दार स्वतःच्या हाताने उघडायच्या. मी अगदी फुलून जायची.

सगळ्यात जास्त यायच्या त्या अक्का. आमची आणि त्यांची कंपाउंडची भिंत एकच. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, दोंडाईच्याकडच्या मोठ्या शेतकरी घरातल्या, मोकळ्या मनाच्या, मोठ्याने बोलणाऱ्या. मी त्यांना अक्का म्हणायची आणि त्या मला, शाळेतली मुलं म्हणतात तसं, बाई म्हणायच्या. माझी मुलगी तापाने फणफणली तेव्हा ह्याच अक्का तिला कडेवर घेऊन माझ्याबरोबर दवाखान्यात बसून राहिल्या होत्या. ते खोटं नव्हतं. आजही मी म्हणेन की ते खोटं नव्हतं.

त्यांच्या काही खोडी होत्या. आमच्याकडे चहा घ्यायच्या नाहीत. पित्त होतं म्हणायच्या. बर्फ हवा असला तर आमचा ट्रे वापरायच्या नाहीत, आपल्या घरून स्टीलच्या डब्यात पाणी भरून आणायच्या आणि तो डबा वरच्या खान्यात ठेवायच्या. तेव्हा नळाला दिवसाआड पाणी यायचं. मी नवऱ्याला सांगायची, बघ, किती विचारी बाई आहे, आपलं घोटभर पाणीसुद्धा खर्चू देत नाही.

एकदा धुळ्याहून माझी आई चार दिवस राहायला आली. ती हॉलमध्ये भिंतीला टेकून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायका बघायची. मला वाटलं, लेकीचा थाट बघून हिचा ऊर भरून येतोय. एका दुपारी अक्का डबा ठेवून गेल्या आणि आई म्हणाली, "बठ्ठं चांगलं शे, माय. पन त्या तुना हातनं काही खातस का?"

माझी अशी तळपायाची आग मस्तकात गेली म्हणता! मी आईवर तोंडसुख घेतलं. म्हटलं, तू अजून वस्तीतच राहतेस, तुझ्या डोक्यातून ते जायचंच नाही, जग कुठल्या कुठे गेलं.  आई पुन्हा भिंतीला टेकली. ती गेल्यावर मात्र मला नको असताना आठवायला लागलं. कोण काय खातं? डबे यायचे आणि जायचे. मी दिवाळीत दिलेला फराळ सगळ्यांनी घेतला होता, पण तो कोणाच्या तोंडात गेलेला मी बघितला होता का? मग मीच मनाशी म्हणायची, काय हे भिकार विचार. संशयाचं भूत एकदा मानेवर बसलं की उतरत नाही, म्हणून मी त्याला बसूच दिलं नाही.

त्याच वर्षी श्रावणात अक्कांच्या घरी कानबाई आली. खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी ह्या देवीचा सण होतो. ज्या घरात कानबाई बसते तिथे सगळी भाऊबंदकी जमते. घरातल्या पुरुषांच्या नावाने गहू मोजून घेतात, त्याचे रोट करतात, पुरण घालतात, आणि ते अन्न कुळाबाहेर जाऊ देत नाहीत. सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा देत नाहीत. उरलं तर संपेपर्यंत घरच्यांनीच खायचं, नाहीतर जमिनीत पुरायचं. सोमवारी सकाळी वाजतगाजत बोळवण करायची. त्यांच्या गावचं जुनं घर त्या वर्षी पडायला आलं होतं, म्हणून पहिल्यांदाच कानबाई जळगावला बसणार होती. अक्कांची धांदल बघण्यासारखी होती.

शनिवारी दुपारी त्या मोठं पातेलं घेऊन आल्या. पुरण वाटून तयार होतं, गावाकडची मंडळी रविवारी सकाळी यायची होती, आणि हवा अशी कोंदलेली की पुरण सकाळपर्यंत टिकेल याचा भरवसा नव्हता. म्हणाल्या, बाई, एवढं रात्रभर ठेवून घ्या. देवीचं आहे, जपून ठेवा.

मी काय केलं ते सांगते. मी सगळा फ्रिज रिकामा केला. अंडी शेजारच्या ओळीत एका मैत्रिणीकडे नेऊन दिली. आतून सोड्याच्या पाण्याने पुसून काढला, आणि अंगावरून नव्हे, डोक्यावरून पाणी घेऊन मग ते पातेलं हातात धरलं. माझ्या वडिलांनी घरातले देवाचे टाक पांझरा नदीत सोडले होते. आम्ही परत कोणापुढे हात जोडणार नाही, म्हणून ते ताठ मानेने घरी आले होते. त्यांची मी लेक. आणि कानबाईचं पुरण माझ्या घरी मुक्कामाला आलं म्हणून मी हरखून गेले होते. नवरा दारात उभा राहून बघत होता. त्या दिवशी तो हसला नाही. नुसतं म्हणाला, अंडी कशाला बाहेर काढलीस? आपल्या घरात आपली अंडी. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मला आईला पत्र टाकून कळवायची घाई झाली होती की बघ, देवीचं अन्न माझ्या घरात ठेवतात.

रविवारी सकाळी अक्का पातेलं न्यायला आल्या, त्यांच्याबरोबर गावाहून आलेली त्यांची मोठी जाऊ होती. अक्का नेहमीसारख्या आत आल्या. जाऊबाई उंबऱ्यापाशी आली, तिने भिंतीवर बघितलं, आणि तिचं पुढे टाकलेलं पाऊल मागे गेलं. "हाई कोनं घर शे वं?" तिने विचारलं. अक्का म्हणाल्या, शेजारच्या बाईंचं. पातेलं उचलून त्या झपझप निघून गेल्या, माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, पाहुण्यांची घाई असेल.

तासाभराने अक्का एकट्या आल्या. दाराबाहेर उभ्या राहूनच म्हणाल्या, बाई, पुरण आंबलं हो.

माझ्या पायांखालची जमीन सरकली. देवीचं अन्न, एवढी माणसं जमलेली, आणि माझ्या फ्रिजने घात केला! मी त्यांची किती माफी मागितली म्हणून सांगू. म्हटलं, अक्का, लाइट गेली असेल पहाटे, मला कळलंच नाही, मीच उठून बघायला हवं होतं. त्या नको नको म्हणत होत्या, असू द्या, होतं असं. त्यांची मान खाली होती. मला वाटलं, किती मोठं मन आहे, एक शब्द बोलत नाहीत. मी पर्स घेऊन धावत दुकानात गेले, हरभऱ्याची डाळ आणि गूळ आणला. त्यांच्या फाटकात गेले तर आत बायकांची गर्दी. अक्का लगबगीने बाहेर आल्या, फाटकापाशीच पिशवी घेतली आणि मधल्या भिंतीवर ठेवली. हात पिठाचे आहेत, नेते मग, असं म्हणाल्या.

मी घरी येऊन फ्रिजपुढे बसले. दार उघडून आत हात घालून बघितला. गार होता. खालच्या खान्यात मी शनिवारी रात्रीच माझं दुधाचं पातेलं परत ठेवलं होतं, ते काढून तापवलं. दूध नासलं नाही. तरी मी दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धा दिवस सुट्टी काढून मेकॅनिकला बोलावलं. तो सगळं खोलून बघून म्हणाला की यात काही बिघाड नाही. मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, बघा नीट, पुरण आंबलंय. तो बिचारा पुन्हा बघायला लागला. नवरा आतून आला आणि त्याला म्हणाला, राहू द्या भाऊ, फ्रिज चांगला आहे. मेकॅनिक गेल्यावर नवऱ्याने मला एवढंच विचारलं, "दूध नासलं नाही, बर्फ विरघळला नाही, मग पुरणच तेवढं आंबलं?"

उत्तर मी आदल्या दिवशीच बघितलं होतं. रविवारी दुपारी मागच्या दाराने कपडे वाळत घालायला गेले तेव्हा त्यांच्या परसात जाऊबाईचा मुलगा कुदळीने खड्डा खणत होता. पातेलं जवळ ठेवलं होतं. आत पिवळंधमक पुरण, जसंच्या तसं. आंबलेल्या पुरणाला फेस येतो, वास सुटतो, पाणी सुटतं. इतकी वर्षं पोळ्या करते आहे मी, मला कळत नाही? कळत होतं. आणि मधल्या भिंतीवर माझी पिशवी तशीच होती. संध्याकाळपर्यंत तशीच राहिली. गुळाला मुंग्यांची रांग लागली, ती रांग भिंतीवरून उतरून आमच्या अंगणात येत होती. हे सगळं बघूनही मी सोमवारी मेकॅनिक बोलावला. फ्रिज बिघडलेला निघावा, असं मला मनापासून वाटत होतं. माणसाने आपल्याच वस्तूला खोट निघावी म्हणून नवस करावा, अशी माझी गत झाली होती. मला माझी लाज वाटते ती त्या पुरणापेक्षा ह्याची जास्त.

मग मी नवऱ्याशी वाद घालायला लागले. तो काही बोलत नव्हता तरी. म्हटलं, त्यांच्यात रोटाचा नियमच आहे. कुळाबाहेर जायचं नाही म्हणजे नाही. आपण काय आणि ब्राह्मण काय, त्यांना सगळे बाहेरचेच. पोटच्या लेकीला देत नाहीत, तर आपल्या घरात रात्रभर राहिलेलं कसं चालेल? अक्कांना घाईत आठवलं नाही, जावेने आठवण करून दिली, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून आंबलं म्हणाल्या. यात काय चुकलं? हे इतकं पटण्यासारखं होतं की मलाही पटलं. नियम सगळ्यांना सारखा असला की त्यात अपमान नसतो. वर्षभर मी त्या नियमाला घट्ट धरून बसले, बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तशी.

अक्का महिनाभर फिरकल्या नाहीत. मी ओट्यावर बसले की त्या आत जायच्या. मग एक दिवस त्यांच्याकडे अचानक पाहुणे आले, आणि त्या पाण्याचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, बाई, बर्फाला ठेवू का? नवरा पेपर वाचत होता, त्याने पेपर खाली केला नाही. मी दार उघडलं. नुसतं उघडलं नाही, हसत उघडलं. या की अक्का, विचारता काय, असं म्हणाले. डबा आणताना ते पाणी त्यांच्या घरचं का असतं, ते तोवर मला समजलं होतं. तरी मी तो डबा त्यांच्या हातातून घेतला नाही, त्यांनाच आत ठेवू दिला, म्हणजे त्यांना अवघड वाटायला नको. पुढे सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. टीव्ही, विरजण, अँटेना. मी आईला मात्र पत्रात कानबाईचं काही लिहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या घरात एक वकील राहायला आले. ते अक्कांच्या कुळातले नव्हते, नात्यातले नव्हते, आपल्या जिल्ह्यातलेसुद्धा नव्हते. विदर्भातले कुठले तरी. बायको हौशी होती, सामानाबरोबर मोठा फ्रिज घेऊन आली होती. आमच्याकडची पातेली हळूहळू कमी झाली. नवरा म्हणाला, चला, भाजीला जागा झाली. मीही हसले. जवळचा फ्रिज सोडून लांबच्या फ्रिजकडे लोक का जातात, हे मी त्याला विचारलं नाही आणि त्याने मला सांगितलं नाही.

श्रावण आला. गावचं घर अजून बांधून झालं नव्हतं, कानबाई पुन्हा अक्कांकडेच बसणार होती. त्या शनिवारी सकाळची शाळा करून मी घरी आले होते आणि मागच्या बाजूला धुणं वाळत घालत होते. आमच्या ओळीच्या मागे बोळ होती. सांडपाणी, बाभळीचे काटे, चिखल. तिकडून कोणी जात नसे. समोरचा रस्ता चांगला खडी टाकलेला, सरळ कोपऱ्यापर्यंत जाणारा. पण तो आमच्या दारावरून जायचा. ओल्या साडीच्या आडून मी बघितलं तर अक्का बोळीने चालल्या होत्या. कमरेवर तेच मोठं पातेलं, वर झाकण. दुसऱ्या हाताने लुगडं वर धरलेलं, पाय चिखलात, श्रावणातलं तापलेलं ऊन डोक्यावर. कोपऱ्याकडे निघाल्या होत्या.

वर्षभर धरून ठेवलेला तो नियम माझ्या हातातून गळून पडला. कुळाबाहेर जायचं नव्हतं ना? मग वकिलांच्या घरी कसं चाललं? मला राग यायला हवा होता. ओरडून चार बायका गोळा करायला हव्या होत्या. पण मला वाटली ती लाज. पन्नाशीला टेकलेल्या नवऱ्याची बायको, दोन लग्नाळू मुलांची आई असलेली बाई माझ्यामुळे चिखलातून चालली आहे, याची लाज. तिने मला टाळण्याचे इतके कष्ट घ्यावेत, आणि मी नेमकी धुणं घेऊन तिथे उभी असावी! मी लपून राहिले असते तर बरं झालं असतं. त्या अजून दोन पावलं पुढे गेल्या असत्या तर मी लपलेही असते. पण त्यांनी मान वर केली आणि आमची नजरानजर झाली. त्या जागीच थांबल्या. पातेलं जड असणार, त्यांनी ते एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतलं.

"अक्का," मी म्हटलं, "आमच्या बाजूने समोर जा. जवळ पडेल."

 त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं नाही, कारण मी जमिनीकडे बघत होते. आमच्या घराच्या आणि मधल्या भिंतीच्या मध्ये एक अरुंद वाट होती, समोरच्या रस्त्याला निघणारी. अक्का बोळीतून वर आल्या आणि त्या वाटेने निघाल्या. मी वाटेच्या तोंडाशीच उभी होते. त्यांना माझ्या अंगाजवळून जावं लागणार होतं.

त्यांनी काहीच केलं नाही. पातेलं दुसरीकडे वळवलं नाही, अंग चोरलं नाही. मीच भिंतीला पाठ लावली, आणि माझ्या साडीचा पदर गोळा करून मुठीत घट्ट धरला, पातेल्याला लागू नये म्हणून. असं कर म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं.